गडग्यापलीकडची वाडी : श्रीवर्धनमधल्या एका घराचा वादळानंतरचा निर्णय

शेजारच्यांची नारळ-सुपारीची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये कमरेएवढा जांभ्या दगडाचा गडगा आहे. त्यांची वाडी पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. आमची तिच्या पाठीशी, पूर्वेला. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन श्रीवर्धनला आले. पहिली काही वर्षं हा गडगा म्हणजे दोन घरांची हद्द एवढंच मला कळत होतं. जमिनीखालचं पाणी आणि जमिनीवरचा वारा यांना तो गडगा दिसतसुद्धा नाही, हे मला 2020 सालच्या वादळानंतर शेजारच्या घरात सुरू झालेल्या एका वादामुळे समजलं.

ते प्रकरण इथे सविस्तर मांडते आहे. शेजारच्या काका-काकूंना विचारून लिहिते आहे, नावं मात्र कुणाचीच देत नाही. प्रश्न साधा होता: झोपलेली वाडी पुन्हा लावायची की मोडायची?

वाडी म्हणजे काय

श्रीवर्धन हे रायगड जिल्ह्यातलं, जेमतेम 15 हजार वस्तीचं नगरपालिकेचं गाव. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ इथलेच. दक्षिणेला हरिहरेश्वर, उत्तरेला दिवेआगर, जीवना बंदरावर कोळीवाडा आणि मध्ये लांबच लांब वाळूचा किनारा. किनाऱ्याला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांना चिकटून घरं आणि घरांमधून बैलगाडी जाईल एवढ्या गल्ल्या. पर्यटक गाडीतून उतरला की म्हणतो, 'काय सावली आहे!' ती सावली कुणाची तरी मेहनत असते, हे त्याला सांगावं लागतं.

पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. आमच्याकडची सुपारी 'श्रीवर्धनी रोठा' म्हणून ओळखली जाते. फोडली की आत पांढरा भाग जास्त दिसतो. कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रही याच गावात आहे. दोन झाडांमधलं पुस्तकी अंतर 2.7 मीटरचं, म्हणजे हेक्टरी सुमारे 1,370 झाडं. पण इथे हेक्टर आहे कुणाकडे? दहा गुंठे, पंधरा गुंठे, वीस गुंठे अशाच वाड्या. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत आलेल्या. जुन्या वाड्यांत झाडं दाटीने लावलेली, मध्ये माड, पोफळीवर चढवलेला मिरवेल, एखादं जायफळ आणि रिकाम्या जागी केळी.

या दाटीला कारण आहे. पोफळीचं खोड सडपातळ आणि कोवळ्या सालीचं. दुपारनंतरचं तिरपं ऊन थेट लागलं की खोडाच्या नैर्ऋत्य अंगाला पिवळट सोनेरी डाग पडतो, मग तो तपकिरी होतो आणि त्या जागी खोड उभं चिरतं. अशी चिरलेली पोफळ साध्या वाऱ्यालाही टिकत नाही. म्हणून दक्षिण-पश्चिमेला आडोसा लागतो. आमच्या पोफळींना तो आडोसा शेजारच्या वाडीचा होता. मी त्याचा कधी विचारच केला नव्हता, कारण तो कायम होता.

पाण्याचंही तसंच. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोडं पाणी लागतं याचं मला नवल वाटायचं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. रहाटाच्या काळात जेवढं निघायचं तेवढं पाटाने वाडीत फिरायचं, आळ्यांत मुरायचं आणि त्यातलं काही परत त्याच थरात जायचं. पंप आले तसा उपसा वाढला. तरी पाणी वाडीतच जिरत होतं, म्हणून निभावलं. गोडा थर प्रमाणाबाहेर ओढला की खालून खारं वर येतं. ते आलं की पहिली मान टाकते पोफळ.

3 जून

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. टाळेबंदी चालूच होती, मुंबईची माणसं मुंबईत आणि इथली इथे अडकलेली. होड्या बऱ्याचशा किनाऱ्याला होत्या. समुद्रावर माणूस नव्हता, हे त्या दिवसातलं भाग्य.

मी घराच्या मधल्या खोलीत होते. कौलं उडाल्याचा आवाज ओळखू येत होता, पत्र्याचा ओळखू येत होता. एक आवाज ओळखू येईना: कुणी ऊस मोडावा तसा, पण मोठा, एकामागून एक. यजमान म्हणाले, 'पोफळी मोडतायत.' माड बहुधा मुळासकट उपटतो, पोफळ मात्र मध्येच तुटते. तासभर तो कडकडाट चालू होता. मग वाऱ्याने दिशा बदलली आणि जी टिकली होती त्यातली काही आता उलट्या बाजूने मोडली.

संध्याकाळी मागचं दार उघडलं तर समुद्र दिसला. मागच्या दारातून समुद्र दिसणं ही आमच्या घराला नवी गोष्ट होती. त्याचा आवाज रोज यायचा, तो दिसायचा नाही. सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'दार लाव गं.'

शेजारच्यांच्या 15 गुंठ्यांत 180 पोफळी होत्या, त्यातल्या 130 पडल्या. 14 माडांपैकी 9 गेले. गोठा भुईसपाट झाला, गाय वाचली. फोन बंद, वीज बंद, रस्त्यावर झाडं. काकांच्या डोंबिवलीच्या भावाला घर शाबूत असल्याचं तिसऱ्या दिवशी समजलं, तेही कुणी तरी माणगावकडे गेलं आणि तिथून फोन लावला म्हणून. पुढचे कित्येक दिवस जनरेटर टेम्पोवर घालून माणसं गल्लीगल्लीत फिरत होती. तासाच्या हिशेबाने पैसे द्यायचे, पंप चालवायचा, टाकी भरायची, मोबाइल चार्ज करायचे.

पंचनामा आणि हिशेब

नुकसानभरपाईचा दर सरकारने वाढवला. बागायतीला हेक्टरी 18 हजार होते ते 50 हजार केले. ऐकायला बरं वाटलं. पण हेक्टरी 50 हजार म्हणजे गुंठ्याला जवळपास 500 रुपये. शेजारच्यांना 15 गुंठ्यांचे 7,500. कोकणातून ओरड झाल्यावर झाडामागे दर ठरला, सुपारीला 50 आणि नारळाला 250. त्या हिशेबाने 130 पोफळींचे 6,500 आणि 9 माडांचे 2,250, मिळून 8,750. चांगली पोफळ वर्षाला दीड-दोन किलो सोललेली सुपारी देते. दीडच धरली आणि किलोला 200 रुपयेच धरले, तरी 130 झाडांचं वर्षाचं उत्पन्न 39 हजारांच्या घरात जातं. शिवाय नवं झाड फळाला यायला पाच-सहा वर्षं. भरपाई ही मदत असते, किंमत नसते, हे मला मान्य आहे. पण गुंठ्यातल्या वाडीला हेक्टराची फूटपट्टी लावली जाते तेव्हा मोजणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वेगळीच शेती असते. दर झाडावर आला हे बरोबर झालं, पण झाडाच्या वयाचा विचार त्यातही आला नाही. काल लावलेलं रोप आणि चाळीस वर्षांची पोफळ यांना एकच आकडा.

अडचण पुढेच होती. सातबाऱ्यावर चार नावं: तीन भाऊ आणि पुण्याची बहीण. पैसे एका खात्यावर जमा व्हायचे तर बाकीच्यांची संमतिपत्रं हवीत. टाळेबंदीत पुण्याहून आणि डोंबिवलीहून सह्या आणायच्या कशा? एक कागद व्हॉट्सअ‍ॅपवर आला तो चालला नाही, मूळ प्रत मागितली. काका तीन वेळा सरकारी कचेरीत जाऊन आले. काकू एकदा गडग्यापाशी येऊन मला म्हणाल्या, 'अगो, पावणेनऊ हजारांसाठी माणूस किती झिजवायचा?' त्यांच्या हातात कोयता होता आणि मागे आडव्या पडलेल्या खोडांचा ढीग.

तो ढीग हाच खरा धोका आहे, हे तेव्हा फार थोड्यांच्या लक्षात आलं. कुजणाऱ्या माडाच्या खोडात आणि शेणखतात गेंड्या भुंगा अंडी घालतो. जखमी माडांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि आतून शेंडा पोखरतो. वादळात जगलेले माड पुढच्या वर्षी मेले, ते या भुंग्यांनी. शेजारच्यांच्या उरलेल्या पाच माडांपैकी दोन असेच गेले. खोडं लगेच कापून हलवायला हवी होती, पण कापायला माणूस मिळत नव्हता, यंत्राला पेट्रोल लागत होतं आणि हलवायची तरी कुठे? प्रत्येकाच्या वाडीत तोच ढीग.

दिवाळीतली बैठक

गणपतीला 2020 साली चाकरमान्यांना येऊन विलगीकरणात बसावं लागत होतं, म्हणून शेजारचे भाऊ त्या वर्षी आलेच नाहीत. दिवाळीत चौघं एकत्र आली. विहिरीचा झरा दोन्ही वाड्यांच्या मधला, म्हणून काकांनी आमच्या घरातल्यांनाही बोलावलं. ओटीवर चहा झाला आणि डोंबिवलीचे भाऊ बोलायला लागले.

त्यांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते, कारण गावात त्यांना उगाच नावं ठेवली गेली. ते म्हणाले, 'दादा, आज रोप लावलंस तर सुपारी लागेल तेव्हा तू सत्तरी ओलांडलेली असशील. चढणार कोण? पाडेकरी आजच मिळत नाहीत. माझी मुलं इथे येऊन पाट फिरवणार आहेत का? सहा खोल्या बांधू. शनिवार-रविवार भरलेल्या राहतील. तुझ्या हातात दर महिन्याला पैसे पडतील.' यात एकही वाक्य खोटं नव्हतं. शिवाय एका दलालामार्फत पूर्ण 15 गुंठ्यांना बाहेरचं गिऱ्हाईकही आलं होतं. मधल्या भावाला ते पटत होतं. त्यांच्यावर टाळेबंदीत नोकरी गेल्याचं ओझं होतं.

काका फारसं बोलले नाहीत. 'मला दुसरं काही येत नाही,' एवढंच.

बहीण बोलली ते मला आजही आठवतं. 'मला हिस्सा नको रे, कधी मागितला नाही. पण माहेर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ओटी येत नाही, पाटात पाय सोडून बसायचो ती जागा येते. तिथे संडासाची टाकी येणार असेल तर मी सही करणार नाही.' यावर कुणालाच पटकन उत्तर सुचलं नाही.

मग आमच्या यजमानांनी विहिरीचा विषय काढला. सहा खोल्या म्हणजे सुट्टीच्या दिवशी अठरा-वीस माणसांची अंघोळ, कपडे, संडास. एवढं पाणी त्याच झऱ्यातून निघणार आणि ते वाडीत न मुरता टाकीत जाणार. खारं आलं तर दोन्ही घरं बसतील. मी आमच्या पोफळींचं सांगितलं. सहा महिने आडोसा नव्हता तर आमच्या पश्चिमेकडच्या रांगेत खोडांवर डाग दिसायला लागले होते. डोंबिवलीच्या भावांना ते खरं वाटेना, म्हणून मी त्यांना गडग्याशी नेऊन एक खोड दाखवलं. त्यांनी डागावरून बोट फिरवलं. 'हे आमच्यामुळे?' असं त्यांनी विचारलं. 'वादळामुळे,' मी म्हटलं, 'पण तुम्ही लावलंत तर थांबेल.'

माझ्या मते त्या बैठकीत गाडी इथे वळली. तोवर वाद पैसा की परंपरा असा चालला होता आणि तसा वाद कधीच सुटत नाही. तो आता पाणी, ऊन आणि जागा यांवर आला. कुठे बांधता येईल आणि कुठे बांधून चालणार नाही, हे बोलता येऊ लागलं.

काय ठरलं

खोल्या दोनच, पडलेल्या गोठ्याच्या जागी, रस्त्याच्या अंगाला. तिथे झाड नव्हतंच. संडासाची टाकी विहिरीपासून जागा देईल तेवढी लांब, उताराच्या खालच्या अंगाला. अंघोळीचं पाणी केळीच्या पट्ट्यात. खोल्यांचा खर्च दोन्ही धाकट्या भावांचा, त्यातलं उत्पन्न त्यांचं आणि सांभाळतात म्हणून काका-काकूंचा ठरलेला वाटा. वाडी काकांकडे. पश्चिमेची चार हात रुंद पट्टी कुणीही कशासाठीही मोडायची नाही. तिथे उंडी आणि भेंड ही आडोशाची झाडं लावायची. हे सगळं वहीच्या कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या. कायद्यात त्याला किती वजन आहे याची मला कल्पना नाही, पण तो कागद काकूंच्या देवघरात आहे.

पुनर्लागवड मनात आणली म्हणून होत नाही. रोपं कुठेच नव्हती. एकाच वेळी श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड सगळीकडे वाड्या पडलेल्या. सुपारीचं लागवडीजोगं रोप दीड वर्षाचं असतं, ते कुणी एका पावसाळ्यात तयार करू शकत नाही. म्हणून बैठकीआधी 2020 चा पाऊस असाच गेला होता, त्यात काकांनी फक्त केळी लावून घेतल्या होत्या. संशोधन केंद्रातल्या माणसांनी तेच सांगितलं होतं: आधी सावली करा, मग रोप आणा. 2021 च्या जुलैत 60 रोपं मिळाली. दरम्यान काकूंनी उभ्या राहिलेल्या पोफळींपैकी पाच चांगली झाडं हेरून त्यांची पिकली फळं ठेवली आणि विहिरीजवळ वाळूच्या वाफ्यात देठाची बाजू वर करून लावली. रोज सकाळी त्या वाळू हाताने चाचपून बघायच्या. दीड महिना काहीच नाही. मग एका सकाळी गडग्यावरून हाक आली, 'ये गो, बघायला ये.' वाळूतून सुईसारखे हिरवे कोंब आले होते. त्यातली 50 रोपं 2022 च्या पावसात वाडीत गेली.

सगळं सुरळीत झालं नाही. उभ्या राहिलेल्या 50 जुन्या पोफळींपैकी 17 दोन वर्षांत उन्हाने चिरून गेल्या. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं, तेव्हा काकांनी दोन दिवस जेवण सोडलं होतं. श्रीवर्धन त्या वेळी थोडक्यात सुटलं, केळी मात्र आडव्या झाल्या. पावसाळ्यात सुपारीची फळं कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) फवारायला पाडेकरी मिळेना, तेव्हा मधल्या भावाने स्वतः शिकून घेतलं. नोकरी गेल्यापासून ते इथेच राहिले आहेत. डोंबिवलीचे भाऊ अजूनही म्हणतात की सहा खोल्या असत्या तर खोल्यांचा खर्च केव्हाच निघाला असता. तेही खरं आहे.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाची एक वाडी मात्र पूर्ण गेली. तिथे आता मोठी इमारत आहे. तिच्या शेजारच्या विहिरीच्या पाण्याला उन्हाळ्यात मचूळ चव येते, असं तिथल्या वहिनी सांगतात. एका विहिरीवरून मी सिद्धान्त मांडणार नाही. पण तिथल्या बैठकीत शेजाऱ्यांना कुणी बोलावलं नव्हतं, एवढं मला माहीत आहे. पालिकेच्या गावात बांधकामाला परवानगी देताना हद्द, रस्ता, उंची सगळं बघतात. झऱ्याला किती घरं जोडलेली आहेत आणि पश्चिमेचा आडोसा कुणाचा, हे कुठल्याच रकान्यात नसतं. तो रकाना हवा, असं मला मनापासून वाटतं. किनाऱ्यावरच्या गावात कुठलीही वाडी एकट्याची नसते. सातबारा तिला एकट्याची समजतो आणि तिथेच घोळ होतो.

आमच्या पश्चिमेच्या रांगेतल्या तीन पोफळी गेल्या, बाकीच्या धरल्या. आमच्या मागच्या दारातून समुद्र अजून दिसतो, पण आता फटींतून.

डिसेंबर 2025 मध्ये एका संध्याकाळी काकूंनी पुन्हा हाक मारली. मी गडगा ओलांडून गेले. 2021 च्या लावणीतली एक पोफळ, माझ्या दुप्पट उंचीची. तिच्या झावळीची विरी, म्हणजे बुडाचं रुंद आवरण, सुटून खाली पडली होती आणि तिच्यामागून पोय, म्हणजे फुलोरा, बाहेर येत होती, अजून मिटलेली, हिरवट पांढरी, तळहाताएवढी. पहिल्या पोयीची फळं बहुधा गळतात, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. काकूंनी विरी उचलली, झटकली आणि काखेत मारली. 'डोंबिवलीला फोटो पाठव,' म्हणाल्या. मी पाठवला. रात्री उशिरा उत्तर आलं: 'आणखी किती झाडांना आली, उद्या मोजून सांगा.'